उबिनच्या आजीनं मला सॉरी म्हटलं

बाकडं रिकामं होतं.

आत्ता इथंच बसली होती स्वरा, पाय हलवत. मी फोन घेऊन रस्त्यापर्यंत गेले नि परत आले तर बाकडं रिकामं, खाली तिची चप्पल, एकच, दुसरी नाही, आणि दुकानातल्या आजीपण नाहीत. दुकान उघडं टाकलेलं, शहाळी बर्फात, पंखा गरगर चालू. मी आधी हळूच हाक मारली, परक्या मुलखात ओरडायची लाज वाटते ना, मग मोठ्यानं मारली, मग काय ओरडत होते माझं मलाच कळेना. तीन वर्षांची पोर माझी. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खाणीचं खोल तळं, आणि सकाळीच आम्ही वाटेत रानडुक्कर बघितलेलं, पिल्लांसकट. 

पण असं मधूनच सांगायला लागले तर तुम्हाला काय कळायचं. सकाळपासनं सांगते.

आम्ही सिंगापुरात सेरंगूनला राहतो. आमचे हे जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनीअर आहेत, मी आणि स्वरा त्यांच्या पासवर (इथला व्हिसाच तो) इथं आलो. मी साताऱ्याकडची, शाळा दहावीपर्यंत, तीपण पुरी नाही. आमच्याच ब्लॉकमध्ये वर मनीषावहिनी राहतात, पुण्याच्या, चांगी बिझनेस पार्कात मोठ्या कामाला. त्यांची मुलगी रिया, नऊ वर्षांची. वहिनी सुट्टीत स्कॉटलंडला जाऊन आल्या होत्या आणि आमच्याकडं चहाला बसून फोटो दाखवत होत्या. हिरवे डोंगर, डोंगरावर मेंढ्या, खाली काळंभोर तळं, आणि हे सगळं म्हणे एका दिवसात बसमधनं बघितलं. मी म्हटलं, "आमच्या कासच्या पठारासारखंच आहे की."

हे म्हणाले, "तुला पण दाखवतो स्कॉटलंड. रविवारी चल."

"खरंच?"

"खरंच. होडीनं जायचंय."

वहिनी हसायला लागल्या. "अहो भावजी, उबिनला नेताय ना तिला? बायकोला स्कॉटलंड सांगून उबिन?"

"हिरवं ते हिरवंच, वहिनी. शिवाय व्हिसा लागत नाही."

मग वहिनीपण म्हणाल्या, रियाचे बाबा टूरवर आहेत, आम्ही दोघी पण येतो.

रविवारी सकाळी निघालो. एमआरटी (इथली मेट्रो), मग बस, पार शेवटपर्यंत, चांगी व्हिलेजला. तिथनं उबिन बेटाला बमबोट (लाकडी मोटारहोडी) सुटते. तिला वेळापत्रक नाही. बारा माणसं झाली की सुटायचं, नाहीतर बसून राहायचं. आम्ही बसून राहिलो, मग सायकलवाली पोरं आली, मग सुटलो. होडीला डिझेलचा वास, कडेला जुनी टायरं बांधलेली, आणि डोक्यावरनं इतक्या खालनं विमान गेलं की स्वरानं त्याला हात केला. पाणी उडालं तोंडावर. मला फार बरं वाटलं. खरं सांगते, सिंगापुरात आल्यापासनं पहिल्यांदा मला कुठंतरी आल्यासारखं वाटलं.

पलीकडं उतरलं की सिंगापूर संपलंच. बिल्डिंग नाही, लिफ्ट नाही. पत्र्याची घरं, पुढं कोंबड्या, नारळ, फणसासारख्या काटेरी फळाचं ड्युरियनचं झाड (त्याचा वास मला अजून झेपत नाही). कंपाँग (मलय खेडं) म्हणतात त्याला. एका घराच्या दोरीवर गोधडीसारखं काहीतरी वाळत होतं. मला आईची आठवण आली. ह्यांनी नि वहिनींनी सायकली घेतल्या, ह्यांच्या पुढं स्वराची सीट. मला सायकल येत नाही, म्हणून मी आणि रिया चालत. रियाला पण येते खरं तर, पण ती म्हणाली, "काकू अलोन कसं चालणार? आय वॉक लाह." म्हणून सोबत चालली पोरगी. हे मी मुद्दाम सांगते.

रस्त्याला रानडुक्कर, ते सांगितलंच. पुढं माकडं. आता मी काय केलं होतं, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणली होती. वहिनी होडीतच म्हणाल्या होत्या, पिशवी सॅकमध्ये टाक, इथली माकडं प्लास्टिक ओळखतात. मी म्हटलं, हो टाकते. नाही टाकली. एक हुप्प्या झाडावरनं आला, पिशवीला एक हिसका, गेला वर. वर बसून त्यानं धपाटं फाडलं, वास घेतला, आणि चटणीचं पाकीट खाली फेकून दिलं.

"बघ," हे म्हणाले, "त्यालापण तुझी चटणी तिखट लागली."

आम्ही पोट धरून हसलो. पण जेवण तर गेलं. तिथंच एका आजींचं लाकडी दुकान होतं, शहाळी आणि थंड पेयं विकायच्या. दुकानापुढं एक बाकडं आणि बारकी लाल खुर्ची, पोरांसाठी ठेवलेली. हे म्हणाले, तुम्ही इथं सावलीला बसा, मी जेट्टीवरनं फ्राइड राइस घेऊन येतो. वहिनी म्हणाल्या, मी तेवढ्यात खाणीच्या तळ्याला एक चक्कर मारते. रिया माझ्याजवळ थांबली. आजींनी स्वराला लाल खुर्चीत बसवलं, ती उठून बाकड्यावर आली, आजींनी परत खुर्चीत बसवलं, असा त्यांचा खेळ चालू झाला.

आणि सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

रविवारचा फोन चुकवायचा नाही असं आमच्याकडं आहे. बेटावर रेंज तुटक. सासूबाई विचारत होत्या, "कुठं फिरताय उन्हाचं? पोरीच्या डोक्यावर टोपी आहे का?" मी म्हणत होते, आहे आहे, टोपी तर माकडानं नेलेल्या पिशवीतच गेलेली. तेवढ्यात आजी पुढं आल्या आणि मला काहीतरी म्हणाल्या. भरभर, त्यांच्या इंग्रजीत. मागं हात दाखवला, स्वराकडं हात दाखवला, आणि शेवटी "कॅन?"

आता हे 'कॅन' मी इथं आल्यावर शिकलेली पहिली गोष्ट. हॉकर सेंटरला (सगळ्या खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली असतात ते), दवाखान्यात, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस असो, कळो न कळो, हसून मान हलवायची आणि "कॅन, कॅन" म्हणायचं. काम होतं. कुणाला कळत नाही की आपल्याला कळलं नाही. मी आजींना मान हलवली, "कॅन, कॅन," आणि रेंज शोधत रस्त्याकडं गेले.

तिथनं पुढचं बाकडं तुम्हाला सांगितलं.

मी ओरडले तसे हे फ्राइड राइसच्या पिशव्या घेऊन पळत आले. कुणीतरी सायकलवाल्यांनी पोलिसांना फोन केला असावा. ह्यांनी माझे खांदे धरले, "कुणाकडं दिलीस? शुभांगी, कुणाकडं दिलीस तिला?"

बघा, इथंच मी म्हणू शकले असते, की अहो, आजी काहीतरी विचारत होत्या, मला कळलं नाही, मी हो म्हटलं. तेव्हा मला आठवत होतं का? होतं. पण ह्यांचं तोंड इतकं पांढरं पडलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला एकदम दिसलं की हे सासूबाईंना फोन करतायत, हिला एक पोर सांभाळता येत नाही म्हणून सांगतायत. माझ्या तोंडातनं निघालं, "मी नाही दिली! त्या बाईनं नेली!"

तेवढ्यात मनीषावहिनी सायकलवरनं आल्या. सायकल टाकलीच त्यांनी. "काय झालं? स्वरा कुठंय?" आणि मग इकडंतिकडं बघून, "आणि रिया?"

रिया. मला रियाची आठवणच झाली नव्हती. इतका वेळ मी एकच नाव ओरडत होते.

पोलीस आला, तरणा पोरगा, मलय असावा, फार शांत. तो काही विचारणार तोच दुकानाच्या मागच्या वाटेनं आजी आल्या. एका हाताला स्वरा, एका पायात चप्पल, मुठीत कोंबडीचं अंडं, हनुवटीवर कसल्यातरी फळाचा रस. दुसऱ्या बाजूला रिया, कडेवर कोंबडीचं पिल्लू घेतलेली. तिघी हसत येत होत्या. आम्हाला बघून आजी थांबल्या.

मी स्वराला उचललं नि इतकी आवळली की ती रडायला लागली. हे आजींवर धावून गेले. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीतच. "लाज वाटत नाही का? न विचारता पोर घेऊन जाता?" आजींना मराठी काय कळणार. पण आवाज कळतो. त्या पोलिसाला काहीतरी सांगू लागल्या, माझ्याकडं बोट करून, 'कॅन कॅन' म्हणून मान हलवून दाखवली. अगदी माझ्यासारखी हलवली.

पोलीस माझ्याकडं वळला. "मॅडम, डिड शी आस्क यू?"

एवढं इंग्रजी मला समजतं.

मी म्हटलं, "नो."

"काकू!" रिया म्हणाली. "शी आस्क यू. चिकन बघायला नेऊ का, शी आस्क. यू सेड कॅन, कॅन. आय वॉज देअर."

"रिया!" वहिनींनी तिचा दंड धरला. "काकू खोटं बोलतेय का? एक तर न सांगता गेलीस, वर मोठ्यांना खोटं पाडतेस?"

"बट आई, आय हर्ड..."

"एक शब्द नको आता."

रियानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं. मी स्वराची हनुवटी पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत होते.

पोलिसानं विचारलं, तक्रार करायची आहे का. हे माझ्याकडं बघू लागले, सगळे माझ्याकडं बघू लागले, आजीपण. मी म्हटलं, "नो, नो. ओके." हे मऊ झाले. म्हणाले, "जाऊ दे, म्हाताऱ्या आहेत." वहिनींनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला, "मन मोठं आहे गं तुझं. मी असते तर सोडलं नसतं."

पोलिसानं आजींना हळू आवाजात समजावलं, पुन्हा असं कुणाच्या पोराला नेऊ नका, असंच असणार. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग माझ्यापुढं आल्या, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सॉरी आह, गर्ल. सॉरी."

मी म्हटलं, "इट्स ओके."

मी. त्यांना. इट्स ओके.

आजी वळल्या, ती बारकी लाल खुर्ची उचलली आणि आत घेऊन गेल्या. बाकडं बाहेरच ठेवलं.

तळं मी बघितलं नाही. पाणथळीवर लाकडी पूल आहे म्हणतात, भरती ओसरली की खाली खेकडे, तारामासे दिसतात, तेपण राहिलं. फ्राइड राइस जेट्टीवर बसून खाल्ला, गार झालेला. मला घास उतरेना तर हे म्हणाले, "घाबरलीस ना? खा थोडं," आणि त्यांच्यातली कोळंबी वेचून माझ्या डब्यात टाकत होते. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या होडीला पण बारा माणसं व्हायची होती. नऊच होतो. होडी बांधलेली, आजींचं दुकान तिथनं चालत जाण्याइतकं. मी मनात म्हणत होते, अजून तिघं येईपर्यंत वेळ आहे, ऊठ. दोघं आले. ऊठ. मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले नि होडीवाल्यानं दोर सोडला.

मध्यावर आल्यावर वहिनींनी रियाला ढोसलं. "काकूला सॉरी म्हण."

रिया पाण्याकडं बघत होती.

"रिया. म्हण."

"सॉरी, काकू."

मी म्हटलं, "राहू द्या हो वहिनी, लहान आहे ती." वहिनी म्हणाल्या, "बघ, काकू रागावली पण नाही तुझ्यावर."

बसमध्ये रिया लांबच्या सीटवर बसली. घरी आल्यावर सासूबाईंना ह्यांनी सगळं सांगितलं आणि सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या की सूनबाई समजूतदार आहे.

आता हे कुणीही घरी आलं की ती गोष्ट सांगतात. पोर कशी गेली, पोलीस कसा आला, आणि हिनं त्या बाईला कसं माफ केलं. मी तेव्हा चहा गाळत असते. रिया आमच्याकडं येत नाही. पूर्वी शाळेतनं आली की आधी आमच्या दारात यायची, स्वराला खेळवायला. आता लिफ्टमध्ये भेटली तर "हॅलो काकू" म्हणते आणि मजल्यांच्या आकड्यांकडं बघते. वहिनी म्हणतात, हल्ली फार गप्प झालीये, बहुतेक खोटं पकडलं गेलं म्हणून ओशाळली असेल.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी प्रवासवर्णनं वहिनीच गोळा करतायत. त्यांनी स्वतः स्कॉटलंडचं लिहिलंय, आणि मला म्हणाल्या, "तू उबिनचं लिही गं, जसं बोलतेस तसं लिही, तुझा अनुभव लोकांना उपयोगी पडेल." म्हणजे मी लिहिलेलं पहिल्यांदा त्याच वाचणार. पहिल्या पानावर हसतील, माकडाचं वाचून. मग पुढं येतील. त्यांनी रियाला हाक मारावी, एवढंच मला पाहिजे. आमच्या ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही, आज जेवणानंतर सांगणार आहे, हे पाकीट वर देऊन आल्यावर, म्हणजे मग मागं फिरता येणार नाही. आणि रविवारी एकटी होडीनं जाणार आहे. आजींना काय म्हणायचं, इंग्रजीत जमेल का, त्या मला दुकानापुढं उभं तरी करतील का, मला माहीत नाही.

तुम्ही मला नावं ठेवाल, ठेवा. पण एकदा मनात तिथं उभं राहून बघा. कडेवर पोर सापडलेली, नवरा समोर, पोलीस विचारतोय, आणि तोंडातनं 'नो' निघून गेलेलं आहे. आता ती नऊ वर्षांची पोरगी तुमच्याकडं बघतेय. तुम्ही काय केलं असतं?