पांढऱ्या मलमाखालची पाठ

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास आमच्याकडं पावसानं पाठ फिरवली. निलंग्याकडचं आमचं गाव. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. त्यात सासू उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडली ती पडलीच.

महिनाभरात तिच्या कमरेखालची कातडी लाल झाली. उपकेंद्रातल्या सिस्टरनं जस्ताचं पांढरं मलम दिलं आणि नीट समजावूनही सांगितलं. पाणी उकळून गार करायचं, त्यानं पाठ पुसायची, कोरडी होऊ द्यायची, मग लाल कातडीवर मलमाचा पातळ हात फिरवायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची. कातडी फुटली किंवा पू दिसला तर आत मलम भरत बसायचं नाही, दवाखान्यात आणायचं. मी चौथी शिकलेली. डबीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं लिहिलं होतं, ते मला वाचता येत होतं. तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

पहिले आठ दिवस सांगितलं तसं केलं. लाली उतरू लागली. मग टँकर पाचव्या दिवसावर गेला. प्यायचं पाणी पाठीला कशाला, म्हणून मी पुसणं सोडलं. कालच्या मलमावर आजचं, भिंतीला गिलावा करावा तसं जाड. आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. गावातल्या बाया सासूला बघायला यायच्या आणि लुगडं बाजूला सारून पाठ बघायच्या, सून काही करते की नाही म्हणून. पांढरी पाठ बघून म्हणायच्या, हिची सून लई जपते. एकीनं तर आपल्या सुनेला मुद्दाम दाखवायला आणलं. मला ते बरं वाटायचं.

सासू एकदा म्हणाली, आता आग होत नाही. मी धरून चालले की बरी होतेय.

मग उदगीरहून नणंद आली. आईजवळ टेकली आणि लगेच माझ्याकडं वळली.

"वैनी, वास कशाचा यायलाय?"

"मलमाचा."

"मलमाला असला वास नसतो. पाणी आण."

"प्यायचंच हाय."

"प्यायचंच आण."

ओल्या फडक्यानं तिनं तो पांढरा पोपडा सोडवला. खाली कातडी नव्हती. तीन बोटं मावतील एवढा खड्डा होता, कडा काळ्या पडलेल्या. नणंदेनं माझ्याकडं बघितलंही नाही.

जीप करून निलंग्याला नेलं, तिथून लातूरला. डॉक्टर म्हणाले, मलम चांगलंच आहे, पण जखम न धुता त्याखाली झाकून ठेवली, ती आतून कुजली. विष रक्तात गेलं होतं. अकराव्या दिवशी सासू गेली.

गावी आणून शेवटची अंघोळ घातली, तेव्हा आळीतल्या घराघरातून कळशी आली. कुणी हात आखडला नाही. त्याआधी मी कुणाच्या दारात तांब्याभर पाणी मागायला गेले नव्हते. सगळे वाखाणत असताना मागायची लाज वाटली होती.

नणंदेनं मला पाठीला हात लावू दिला नाही. तिनं एकटीनं धुतली. मी पाणी ओतत राहिले.