घासलेल्या रुपयाची बोली

माझ्या नवऱ्याला जुनी नाणी जमवायचा नाद होता. नाद कसला, व्यसनच. कांजूरमार्गच्या आमच्या दोन खोल्यांत चौघं राहतात असं मी म्हणायचे: तो, मी, सासूबाई आणि त्याचा नाण्यांचा डबा. जास्तीची नाणी तो मोबाइलवरच्या लिलावात विकायचा आणि सुरुवातीची किंमत ठरवायचा त्याचा एक कायदा होता. "जे जायला पाहिजे ते एक रुपयापासून लावायचं. लोकांना वाटतं फुकटात मिळतंय, मग आपसांतच भांडतात. जे जायला नको, त्याला असा आकडा टाकायचा की कोणी फिरकणार नाही." जायला नको तर लावतोस कशाला, असं विचारलं की म्हणायचा, "चार लोकांनी बघावं ना यार."

त्या डब्यात कापसात गुंडाळलेला, राणीच्या छापाचा एक चांदीचा रुपया होता. घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या सोनाराकडून आणलेला, काळपट, कडेला निळसर झाक आलेला. त्या झाकेलाच खरी किंमत, हे मलाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. नवरा तो फक्त कडांना धरायचा. माझं बोट जरा जवळ गेलं तरी त्याचा चेहरा असा व्हायचा, की मी मुद्दाम बोट पुढं करायचे.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. मुलुंडच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पण डॉक्टर धड हो म्हणेनात, धड नाही म्हणेनात. अशा वेळी आमच्याकडच्या बायका गावच्या देवीला नवस बोलतात आणि एक रुपया लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवतात. माणूस बरं झालं की तो रुपया देवीच्या पायावर घालायचा. सासूबाईंनीही बांधला. देवीला द्यायचा तर घरातला सगळ्यात चांगला द्यावा, म्हणून त्यांनी कापसातला काढला. आणि देवीला काळा रुपया कसा द्यायचा, म्हणून देवाची चांदीची भांडी घासतात तसा रांगोळीनं घासून घासून लखलखीत केला.

नवरा घरी आल्यावर त्यांनी फडकं सोडून मोठ्या कौतुकानं त्याला दाखवला. त्यानं तो कडांना धरून दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. म्हणाला, "झकास चमकता गे आये."

त्या भाजी आणायला खाली उतरल्यावर मला म्हणाला, "वाट लागली. आता नुसती चांदी उरली." माझं डोकं फिरलं. आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना, मी म्हटलं. त्यानं माझा हात धरला. "तू काही सांगायचं नाहीस. कधीच नाही." आईचं मन दुखेल म्हणून म्हणतोय, असं मला वाटलं.

गणपतीच्या आधी तो गेला.

दिवसकार्य उरकल्यावर सासूबाईंनी ती लाल पुरचुंडी माझ्यासमोर ठेवली. "ह्यो घरात नको. नवस फळाक नाय, आता देवीक देऊक जमाचा नाय नि आपणाक खर्चूकय जमाचा नाय. तो धाडी तसो धाड कोणाकडे तरी." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण कमी किमतीक देऊ नको. माझ्या झिलान जीव लावलेलो त्येच्यार."

मी मोबाइल घेऊन बसले. सुरुवातीची किंमत लिहायचा चौकोन रिकामा होता आणि सासूबाई चष्मा लावून शेजारी; त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे मात्र कळतात. एक रुपया टाकला असता तर बोली चांदीच्या भावाशी येऊन थांबली असती. एवढाच का, हे त्यांनी विचारलंच असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मी नवऱ्याच्या कायद्यातला दुसरा, कोणी फिरकू नये असा आकडा टाकला, आभाळाएवढा. खाली मात्र 'घासलेले नाणे' असं लिहिलं. खातं नवऱ्याच्या नावाचं होतं, तिथं खोटं लिहवेना.

मुदत संपली, एकही बोली नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दर खेपेला त्या विचारायच्या, "गेलो काय?" आणि मी सांगायचे, नाही गेला. एकदा कोणीतरी खाली लिहिलं, एवढ्या सुंदर नाण्याची वाट कोणी लावली? काय लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं. महाग आहे म्हणतात, असं मी सांगितलं.

एका सकाळी देव्हाऱ्यापुढं रांगोळी काढता काढता त्या थांबल्या. "देवीक नको, माणसाकय नको. माझ्या हातातच काय तरी वायट असतला," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. नवरा गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना. वाटलं, खरं सांगितलं तर निदान हे खूळ तरी जाईल. मी म्हटलं, "आई, तुमच्या हातात काही नाही. जुनी नाणी घासायची नसतात, एवढंच. घासलं की किंमत जाते."

त्यांच्या चिमटीतली रांगोळी चिमटीतच राहिली.

"तेका म्हायत होता?"

"हो."

"माका बोलाक नाय तो." त्या देव्हाऱ्याकडं वळल्या. "म्हणान देवीन घेतल्यान नाय. मी नासको रुपयो बांधलंय."

मी पुष्कळ समजावलं. गाठ आधीच पसरली होती, रुपयाचा काही संबंध नाही, डॉक्टरांचे कागद आहेत. त्या मान हलवत होत्या, ऐकत नव्हत्या. त्याचं ते 'कधीच नाही' मला तेव्हा कळलं. आई काय अर्थ लावणार हे त्याला ठाऊक होतं, आणि मी शहाणी सत्य सांगायला निघाले होते. मला माझीच चीड आली, अजून येते.

रांगोळीचा डबा त्यांनी फडताळात वर ठेवून दिला. देव्हाऱ्यापुढची फरशी आता नुसती पुसलेली असते.

परवा मी ठरवलं, पुरे झालं, चांदीच्या भावात का होईना, जाऊ दे हे घरातून. आकडा खोडून तिथं एक लिहिला. सासूबाई मागून बघत होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "रवांदे. कोणाच्या घरात जाऊक नको तो. त्येंकाय पोरा असतली."

मी एक खोडला आणि तो आभाळाएवढा आकडा परत टाकला.