चाळीसगावला धरलेला सूर

मी मूळचा खानदेशातला नाही, हे आधीच सांगून टाकतो. सत्त्याऐंशी साली बदली होऊन जळगावच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून आलो आणि मेहरूणला एक खोली घेतली. कचेरीतले लोक चांगले होते, पण पाच वाजले की ज्याला त्याला घर असे. मला खोली होती. रविवारी तर माझ्याशी बोलायला घरमालकीण अक्का तेवढी, आणि तिचं बोलणंही नळाच्या पाण्यापुरतं.

एप्रिलातल्या अशाच एका रविवारी सकाळी मी मळक्या कपड्यांचं गाठोडं काखेत मारून धोब्याकडे निघालो होतो. समोरून नवरदेवाची मिरवणूक आली. धुळ्याचा बँड होता. पुढे क्लॅरिनेटवर साठीकडे झुकलेला एक काटकुळा माणूस, अंगात लाल कोट, त्याच्या एका खांद्यावरची झालर तुटलेली. तो कुठलंसं सिनेमाचं गाणं वाजवत होता. ते वाजवता वाजवता त्याने मध्येच गाणं सोडून दिलं आणि कुठल्या कुठे निघून गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका झोक्यावर बसून गातात तसली एक चाल आली, तीही गेली, आणि मग जे आलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. ढोलवाला मात्र सावलीसारखा त्याच्या मागे. नाचणारे थकून बसले तरी हा परत यायला तयार नाही. मी मांडवापर्यंत मागे चालत गेलो. तिथे एका गृहस्थाने माझं गाठोडं आहेर समजून आदराने हातातून घेतलं, तेव्हा भानावर आलो.

त्या दिवसापासून मला वेडच लागलं. लोक त्या माणसाला नुसतं मास्तर म्हणत. धुळ्याला त्यांच्या बँडच्या दुकानाबाहेर एक पाटी टांगलेली असे, लग्नसराईतल्या सगळ्या तारखा आणि गावं तिच्यावर खडूने लिहिलेली. मी एकदा मुद्दाम जाऊन त्या पाटीवरचं सगळं वहीत उतरवून घेतलं. मग रविवार असो, रजा असो, एस.टी. धरायची आणि शिरपूर, पारोळा, अमळनेर, जिथे मास्तर तिथे मी. लग्न कोणाचं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. कित्येक नवऱ्यांची तोंडं मी पाहिलीच नाहीत. अक्का म्हणायची, "इतला लोकस्ना लगीनले जास, तुनं कव्हय?" तिला वाटे मी गुडघ्याला बाशिंग बांधून मुली बघत हिंडतोय. मी हसून सोडून द्यायचो. खरं सांगितलं असतं तर तिने खोली खाली करून घेतली असती.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी टेपरेकॉर्डर घेतला. चांगला मोठा, चंदेरी, वरती धरायला कडी. मास्तरांच्या दोन पावलं पुढे उलटं चालत, दोन्ही हातांनी तो छातीशी धरून मी सगळं भरून घेऊ लागलो. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "हाई काय शे?" मी म्हणालो, "तुमचं वाजवणं घरी नेतो." त्यांनी मान हलवली आणि वाजवायला लागले. परवानगी मिळाली असं मी धरून चाललो.

या नादाला लागलेला मी एकटा नव्हतो. धुळ्याचे तिघं होते. एकाचं सोडावॉटरचं दुकान होतं. दुसरा एका मारवाडी कापड दुकानदाराचा धाकटा मुलगा, तेव्हा तिशीतला, पांढरा झब्बा घालून धुळीत लोळायला तयार. तिसरा एस.टी.त कंडक्टर. तेही माझ्यासारखेच बिनबोलावलेले, तरी पहिल्या पंगतीला वरण-बट्टीवर ताव मारत. कोणी विचारलंच तर वराकडच्यांना सांगायचं वधूकडचे, वधूकडच्यांना सांगायचं वराकडचे. मला हे सगळं लांबून ठाऊक. जेवायला मी शेवटच्या पंगतीला बँडवाल्यांबरोबर बसे, कारण टेप सोडून जाता येत नसे.

पण मिरवणुकीत आम्ही एकत्रच की. ते नाचत आणि मी मधोमध टेप धरून उभा. जवळ आले की म्हणत, "सरका पाव्हना," नाहीतर, "पाव्हना, पानी प्या." एकदा कापडवाल्याने ऊन लागतंय म्हणून स्वतःचा रुमाल माझ्या डोक्यावर टाकला होता. खानदेशात पाहुण्याला फार मान असतो, पण हे तिघं मला गमतीने पाव्हणा म्हणतात असं मी समजलो. बाहेरगावचा माणूस म्हणून त्यांनी मला ठेवलेलं नाव. मला ते फार आवडलं होतं. खोलीवर परत आल्यावर मी कधीकधी एकटाच मोठ्याने म्हणून बघायचो, सरका पाव्हना, आणि हसायचो. माझ्या तोंडून मिरवणुकीत मात्र अवाक्षर निघत नसे. टेप तोंडाशीच, त्यामुळे मी हुं केलं तरी ते मास्तरांच्या वर ऐकू येई. दोन उन्हाळे मी ओठ मिटून काढले.

आता चाळीसगाव. एकोणनव्वदचा मे महिना, सकाळचे अकरा-साडेअकरा. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा होता, आणि आम्हाला एव्हाना तास होत आला होता. मुहूर्त कधीच टळलेला. मुलीचा मामा दोनदा येऊन हात जोडून गेला. मास्तर त्या दिवशी कोणाच्याच हाती लागत नव्हते. फर्माईश केली की दोन ओळी वाजवायचे आणि तिथून निसटायचे. झोक्याची ती चाल घेतली आणि तिला इतकं वर वर नेलं की आता झोका फांदीवरून पलीकडे जातो की काय असं झालं. सोडावाला ओरडत होता, कंडक्टरने शिट्टी काढली होती, कापडवाला डोळे मिटून नुसता गोल फिरत होता.

आणि ऐन तेव्हा माझी कॅसेट संपली. मी झाकण उघडून ती काढायला गेलो तर आत फीत गुंतलेली. बोटं घामाने निसरडी. टेप जमिनीवर ठेवला, गुडघ्यावर बसलो, खिशातली पेन्सिल काढून कॅसेटच्या दातेरी चाकात घातली आणि फिरवायला लागलो. घाई करावी तर तुटेल. वर पाहिलं तर मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी चालीतला सगळ्यात वरचा सूर घेतला आणि तिथेच थांबले. एका हाताने ढोलवाल्याला खूण केली. तो काठीने नुसता कडेवर ठोके देत राहिला. मास्तरांनी सूर सोडला नाही. श्वास कधी घेत होते कोण जाणे. गालांच्या नुसत्या पिशव्या झाल्या होत्या आणि नजर माझ्या पेन्सिलीवर. नाचणाऱ्यांचे हात वर गेले होते ते वरच राहिले. रस्त्यावर एक माणूस हलत नव्हता. मी फीत गुंडाळली, बाजू पालटली, कॅसेट आत घातली आणि कळ दाबली. खट. त्या क्षणी मास्तरांनी सूर सोडला आणि ते खाली आले, आणि सगळी मिरवणूक त्यांच्याबरोबर खाली आली. एवढी माणसं एकदम ओरडलेली मी पुन्हा ऐकली नाहीत.

जेवताना मास्तर माझ्या शेजारी बसले होते. बट्टी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "बठ्ठं उनं का?" सगळं आलं का, एवढंच. मी म्हणालो, "आलं." ते खोटं होतं. धरलेला सूर तेवढा आला नव्हता. पण त्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांच्या छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी क्लॅरिनेट बंद केलं. बँडवाल्यांनी कॅसिओ घेतला, ट्रकवर कर्णे चढवले. मी दोन लग्नांना जाऊन पाहिलं, तिघांपैकी कोणी आलं नव्हतं. मग मीही थांबलो. वर्षा-दोन वर्षांत मास्तर गेले. मला ते तीन महिन्यांनी कळलं, मला कळवणार कोण. सोडावाल्याचं दुकान धुळ्याला कुठे आहे हे मला माहीत होतं. जळगावहून धुळं काही परदेशात नाही. पण बोलावल्याशिवाय कसं जायचं? लोकांच्या लग्नांना बिनबोलावता जाणारा मी, सोडा प्यायला जायला आमंत्रणाची वाट बघत बसलो. अशी सहा-सात वर्षं गेली. रविवारी ती कॅसेट लावायची आणि त्या तिघांचे आवाज ऐकायचे. खोलीत तेवढीच वर्दळ.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कचेरीच्या कामाने धुळ्याला गेलो, काम लवकर उरकलं, ऊन मी म्हणत होतं आणि पाय त्या दुकानाकडे वळले. तिघंही तिथेच होते. केस पिकलेले, कंडक्टर निवृत्त झालेला. आणि बोलणं काय चाललं असावं? चाळीसगावचं! सोडावाला एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "पाच मिनिट सूर धरेल व्हता, पाच मिनिट!" कापडवाला म्हणाला, "तीन असतील." मी आनंदाने पुढे होऊन म्हणालो, "मीही होतो. माझ्याकडे त्याची कॅसेट आहे."

मग काय, मला खुर्ची मिळाली, सोडा मिळाला. पुढच्या रविवारी कॅसेट घेऊन यायचं ठरलं. त्यांनी मला ओळखलं की नाही हे मी विचारलं नाही. ओळखलंच असणार असं मी गृहीत धरलं. तो आठवडा माझा फार चांगला गेला. टेपला नवे सेल घातले, त्याचं आतलं हेड स्पिरिटने पुसलं. शर्टाला इस्त्री केली. अक्का म्हणाली, "कोनं लगीन शे?"

रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत मी पिशवीतून टेप काढला आणि कंडक्टर एकदम उठून उभा राहिला. "अरे! हाऊ टेप तर वळखू येस! चांदीसारखा!" त्याने टेपवरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही त्या चाळीसगावच्या नवरीकडले का?"

मी म्हणालो, "नाही हो. मी तुमच्यासारखाच. शिरपूरला होतो, पारोळ्याला होतो, अमळनेरला. तीन वर्षं होतो."

तिघं एकमेकांकडे बघू लागले. सोडावाला प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "आमले वाटे, दर लगीनमा एक टेपवाला पाव्हना राहतोच. नवरीकडला. म्हनीसन तर आम्ही पानी-बिनी देऊत. उगा कोनी इचारायला नको, तुम्ही कोनाकडले म्हनून."

मला काय वाटलं ते सांगतो. रडू आलं नाही. लाज वाटली. तीन उन्हाळे मी ज्यांना आपली माणसं समजत होतो, ते मला चुकवत होते. पाव्हणा हे माझं नाव नव्हतंच. ते खरोखरच पाहुण्याला पाहुणा म्हणत होते. त्यांच्या लेखी मी दर गावी वेगळा माणूस होतो, टेप तेवढा एक.

कापडवाल्याला माझं तोंड पाहून वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "लावा ना भाऊ, ऐकू तर." मी लावली. सोडावाल्याचं ओरडणं आलं, कंडक्टरची शिट्टी आली. ते लहान मुलांसारखे खूश झाले, हा मी, हा तू, करू लागले. माझा आवाज यायचा प्रश्नच नव्हता. चाल वर वर गेली आणि कॅसेटची बाजू संपली. मी पालटेपर्यंत त्यांचा वाद सुरू झाला. मास्तरांनी सूर का धरला? सोडावाला म्हणे, त्या मामाची जिरवायला. कापडवाला म्हणे, मास्तरांना तेव्हाच कळलं असेल की हे आता संपत आलं. कंडक्टर टेपकडे बघत होता.

मी म्हणालो, "माझी फीत गुंतली होती. मी बाजू पालटेपर्यंत ते थांबले होते."

सोडावाला हसला. "पाव्हना, तुमनं बी काय!" पाठीवर थाप मारली. त्याचं काही चुकलं नाही. तो तुकडा कॅसेटवर नाही, आणि मास्तर नाहीत. मी आता टेप पिशवीत घालून निघायच्या विचारात होतो. तरी हात सवयीने कळेवर गेला. दुसरी बाजू सुरू झाली. खट, आणि सूर सुटून खाली आला.

"थांबा," कंडक्टर म्हणाला. "परत लावा बरं."

मी मागे नेऊन परत लावली. खट, आणि सूर सुटला. त्याने तिसऱ्यांदा लावायला सांगितली आणि टेपला कान लावून बसला. आयुष्यभर घंटी आणि गाडी सुटणं यांचा हिशेब ठेवलेला माणूस. त्याने मान वर केली.

"तुमनी कळ दबाडी तव्हयच सूर सोडा त्यास्नी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "भाऊ, तुमनं नाव काय शे?"

मी सांगितलं. टेप चालूच होता, म्हणून दोनदा सांगावं लागलं.