हसू नको, फोटो परदेसात जाते!

किस्से काई कोनी जमा करत नाई बाप्पा. चुलीवरच्या पत्र्याले धूर लागते ना, तसे ते लागत जाते. रोज दिसत नाई, आन एखाद्या दिवशी बोट लावलं का सारं काळं! मी कुरखेड्याच्या पलीकडं, आमच्या गावातल्या संस्थेच्या केंद्रावर खिचडी रांधतो. शिकली चौथीपर्यंत, तेबी मास्तर कंटाळला म्हणून पास. पन माझ्या चुलीची खिडकी बरोबर केंद्राच्या सरच्या टेबलासमोर उघडते. आता आइकू आलं तं काय कानात कापूस घालू?

संस्थेचं काम असं. इथलं एक पोट्टं, आन परदेसातलं एक माणूस. तिकडून तो माणूस पैसे पाठवते, इकडं पोट्टं शिकते. काम चांगलं हाय, मी नाव नाई ठेवत. नाव ठेवाले सर हायत ना! सर नागपूरचे. बूट असे चमकवते, का कोंबडा येऊन त्यात आपला तुरा पाहून जाते.

आन एक रंजू. मारोती ढिवराची पोट्टी, माझी शेजारीन. मले मोठीमाय म्हणते. तिच्या दोन गोष्टी पक्क्या. एक, तिले नर्स व्हायचं. काऊन का आमच्या गावात सुई द्याले नर्स येते, ते नाल्याले पूर नसला तं! दुसरी, तिले हसू आलं का थांबत नाई. या दोन गोष्टीयचीच जिंदगीभर मारामारी झाली.

*

रंजू पहिलीत होती तवाचा किस्सा. परदेसात पाठवाले फोटो काढाचा होता. सर म्हणे, "चप्पल काढ. रिबीन काढ. हसू नको, फोटो परदेसात जाते!"

'हसू नको' म्हणलं का रंजू फुटलीच समजा. समोरचे दात पडलेले, तोंडाचं भगदाड करून हासली. तसाच फोटो गेला आन वरच्या हापिसातून तसाच वापस आला. म्हणे, "मुलगी गरजू वाटत नाही!"

सरनं मले बलावलं. "पुनाबाई, तुम्हीच काहीतरी करा."

म्या म्हणलं, "रंजे, काई दुखाचं आठव."

"काय आठवू मोठीमाय?"

"सरचं लग्न जुळून नाई राह्यलं, ते आठव."

झालं! पोट्टी मातीत लोळली हासून हासून. सर तिकडं लालेलाल. मंग माझ्या हातात खिचडीचा कांदा होता. चिरला, आन धरला रंजीच्या नाकाखाली. डोळ्यातून धारा! सरनं खटकन फोटो मारला.

त्या फोटोले एक हेलनबाई भेटली. एकटी बाई, मोठ्या नोकरीतून रिटायर झालेली. तिचं पयलं पत्र आलं, "प्रिय बाळ, रडू नको. आम्ही आहोत." मंग दर वर्सी पत्राची सुरुवात तीच. बिचारीनं तो फोटो घरातल्या फ्रिजवर चिपकवला होता म्हणे.

पन बातमी गावभर पसरली ना! पुढच्या वर्सी फोटोच्या दिवशी एकेक माय आली, एका हातात पोट्टं आन दुसऱ्या हातात कांदा!

*

पत्राचंबी तसंच. पोट्ट्यायनं परदेसात पत्र लिवाचं, असा नियम. सरले घाई. त्यायनं फळ्यावर एक पत्र लिवलं आन म्हणे उतरवा. त्यात होतं, 'माझ्या मित्राचे नाव रमेश आहे. तो खूप खोडकर आहे.' साऱ्यायनं उतरवलं.

आता आमच्या गावात रमेश नावाचं कोनीच नाई! पन तिकडच्या लोकायले रमेश भलताच आवडला. एकानं त्याच्यासाठी चेंडू पाठवला, एकीनं टोपी. सर घरोघरी फिरून राह्यले, "रमेश कोणाचा? अहो, कोणीतरी रमेश व्हा!"

त्याच सकाळी माझी बकरी व्याली होती. बोकड झाला होता. म्या सरले म्हणलं, "फिकर नको करा, रमेश झाला." पाच बायका बलावल्या, कुंकू लावलं, कानात नाव सांगतलं. रमेश!

तवापासून रंजूले फळ्याची गरज नाई पडली. ती खरंच लिवाले लागली. 'रमेशने काल सरांचा डबा खाल्ला.' 'रमेश कोणाचेच ऐकत नाही.' 'रमेशला आता दाढी आली.'

हेलनबाईले त्या पोराची फिकर लागली. तिनं लिवलं, "रमेशला शाळेत पाठवा," आन त्याच्यासाठी एक वही पाठवली. रमेशनं एका बैठकीत अख्खी वही संपवली. इतका अभ्यासू आमच्या गावात दुसरा नाई!

गावच्या जेवणावळीले किती बोकड कापले गेले, पन रमेशले कोनी हात नाई लावला. त्याच्या मांगं परदेस होता बाप्पा!

*

एकदा हेलनबाईनं आपल्या घराचा फोटो पाठवला. घरासमोर सारं पांढरं, झाडाले एक पान नाई, आन मांगचा तलाव दगडासारखा घट्ट.

आमी साऱ्या बाया फोटो घेऊन बसलो. एक म्हणे, "अवो, झाडं तं पार वाळून गेली. बाई मोह कुठी वेचत असन? तेंदू कुठून तोडत असन?"

मारोती तलावाकडंच पाहून राह्यला. ढिवर माणूस, मासोळीवर जगनारा. "पान्यात जाळंच नाई जात! मंग खाते काय ही बाई?"

दुसऱ्या दिवशी त्यानं सुकवलेल्या मासोळ्यायची थैली आनून सरच्या टेबलावर ठेवली. म्हणे, "सर, तिले पाठवा. आन लिवा, लाजू नको म्हणा."

सरनं ते पाठवलं नाई, कपाटात कोंबून ठेवलं. मंग वरचे साहेब तपासनीले आले, कपाट उघडलं, आन रुमाल नाकाले लावून म्हणे, "इथे कोणी मेलं आहे का?"

म्या खिडकीतून म्हणलं, "मेली ना साहेब, माया मेली!"

*

स्वेटर यायचे ते बरोबर नवतप्यात. बाहेर जमीन भाजून राह्यली, पक्षी झाडातून खाली पडून राह्यले, आन सर म्हणे, "घाला सारे! भेट मिळाल्याचा फोटो हवा." पोट्टे उकडलेल्या बोरावानी लाल. तो एक फोटो असा, का कांद्याची गरज नाई पडली!

आन हेलनबाईचा स्वेटर दर वर्सी त्याच मापाचा. फ्रिजवरची रंजू वाढत नव्हती ना! रंजू बारावीत गेली तरी स्वेटर पहिलीतलाच. मंग तो रमेशले घातला. मापात बसला.

*

आता खरी गोष्ट.

रंजू बारावी पास झाली. गडचिरोलीले नर्सिंगचा नंबर लागाची आस होती. पन संस्थेचा कायदा असा, का पोट्टं अठराचं झालं का नाव कटते. हेलनबाई स्वताहून 'पुढंबी शिकवतो' म्हणली, तरच होस्टेल, तरच नर्सिंग. नाई तं धानाचा रोवना लावाले चिखलात जा, आन पाव्हणे पाहाले आले का डोक्यावर पदर घे.

आन नेमकी तवाच हेलनबाई येतो म्हणली! म्हणजे आल्ती ती ताडोबात वाघ पाहाले. वाघ पाहाचा, आन जाता जाता पोरगीबी पाहून घ्याची.

सर घाबरले. मारोतीचं घरकुल झालं होतं. निळा रंग, वरतं डिशची छत्री, दारात फटफटी. सर म्हणे, "हे घर दाखवलं तर बाई म्हणेल, यांना कशाला मदत? दुसरं घर पाहा."

त्यायनं गाव फिरून घर पसंत केलं. कोणतं? माझ्या बकऱ्यायचा कोठा!

"सर, तो कोठा हाय."

"आता रंजूचं घर आहे. तुम्ही तिची आजी. आणि तू, रंजू, हसायचं नाही. नर्सिंग पाहिजे ना?"

रंजूनं मान हालवली. म्या पयल्या बार तिले ओठ दाबून गप पाह्यलं. मले काई ते बरं नाई वाटलं.

कोठा सारवला, खाट टाकली, एक गाडगं ठेवलं. बाई दुपारी येनार होती, आन बकऱ्या दुपारी जंगलात असते. हिशोब बरोबर होता. पन वाघानं उशीर केला! वाघ काई सरच्या हाताखाली नाई ना. तो निघाला उशिरा, बाईची गाडी आली दिवस बुडता.

आन दिवस बुडता बकऱ्या घरी येते. त्यायले कोनी बलावा लागत नाई.

हेलनबाई खाटेवर बसली. उंच, पांढऱ्या केसाची, गरीब डोळ्याची. रंजू समोर उभी, ओढणी दातात. बाईनं तिच्याकडं पाह्यलं आन पयलं काय इचारलं? "रमेश कसा आहे?"

सर चटकन म्हणे, "रमेश मिरची तोडायला तेलंगणात गेला."

तेवढ्यात दाराले धडक बसली. पुरी फलटन आत! एक बकरी खाटेखाली, एक गाडग्यात, आन मधात आपले रमेशराव. हातभर दाढी, अंगात लाल स्वेटर. तो आला, बाईच्या पायाशी बसला, आन तिच्या गळ्यातला स्कार्फ चावाले लागला.

बाईनं स्वेटर पाह्यला. हातानं विनलेला होता तो, तिच्याच हातानं. मंग दाढी पाह्यली. मंग रंजूकडं पाह्यलं. म्हणे, "रमेश?"

रंजूच्या नाकातून आधी नुसती शिट्टी वाजली. मंग जे धरण फुटलं! पोट पकडून खाली बसली. मी हासली, बकऱ्या ओरडल्या, सर एकटेच घामानं निथळून राह्यले.

मंग रंजू एकदम थांबली. तोंड पांढरंफट. तिले समजलं का नर्सिंग गेली. उठून उभी राह्यली आन तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणे, "हे माझं घर नाही. माझं घर ते, निळं. चांगलं आहे." सर मधात बोलाले गेले, तं बाईनं नुसता हात वर केला.

तेवढ्यात मारोती आला. त्याले कशाचाच पत्ता नाई. म्हणे, "चाला वो बाई, मासोळी थंडी होऊन राह्यली. तुमच्या इथला तलाव खुलला का नाई अजून?"

निळ्या घरात बाई पाटावर बसून जेवली. काटे काढाले मारोतीनं शिकवलं. जेवण झाल्यावर तिनं पर्समधून जुना फोटो काढला. फ्रिजवरचाच. रंजूले इचारलं, "मग तू रडत का होतीस? इतकी वर्षं मी रोज सकाळी हे रडणं पाहत आले."

रंजूनं माझ्याकडं पाह्यलं. मी काय सांगू? मले इंग्रजी येत नाई. गेली चुलीपाशी, कांदा चिरला, आन धरला बाईच्या नाकाखाली.

बाईच्या डोळ्यातून टपटप पानी. पुसलं. मले वाटलं आता गाडीत बसते. पन तिनं माझ्या हातातला कांदा घेतला, उठली, आन सरपाशी गेली. फोटोतल्या रंजूच्या उघड्या पायाकडं बोट केलं, मंग त्यायच्या चमचम बुटाकडं.

रंजूनं सांगतलं, "सर, बाई म्हणते बूट काढा."

सरनं काढले. काय करतीन? बाईनं त्यायले कोठ्यासमोर उभं केलं, रमेशच्या बाजूले. कांदा नाकाखाली धरला. मोबाइल वर केला. आन रंजू, जीव मुठीत धरून, पन तिच्यानं राहवलं नाई बाप्पा, रंजू म्हणे,

"सर, हसू नका. फोटो परदेसात जाते!"

गाडी गेली. बाई हो म्हणली नाई, नाई म्हणली नाई. त्यानंतर रंजू माझ्या वट्यावर बसून रडली. बिना कांद्यानं. मारोती म्हणे, "खरं बोलली तं बोलली. रोवना काई मरण नाई." पन दुसऱ्या दिवशी तो जाळं घेऊन गेलाच नाई.

रोवना अर्धा झाला, तवा पार्सल आलं. केंद्रावर सारे पोट्टे जमा. पयलं पत्र रंजूच्या नावाचं. बाईनं लिवलं होतं, नर्सिंगचं होस्टेल, पुस्तकं, सारं शेवटपर्यंत तिच्याकडं. मारोतीले निरोप, तलाव खुलला, पन मासोळी तुझ्यासारखी नाई. रंजूच्या पायाले चिखल तसाच, आन पोट्टी केंद्रभर नाचली.

पार्सलच्या खाली आणखी एक पुडकं. त्यावर सरचं नाव! सरची छाती फुगली. चष्मा लावला, शर्ट खाली ओढला, पुडकं रंजूच्या हातात देऊन म्हणे, "तूच उघड. वाच मोठ्यानं. बाईंनी मला काय लिहिलं ते मुलांना ऐकू दे!"

रंजूनं उघडलं. आत एक लाल स्वेटर. हातानं विनलेला, पहिलीतल्या पोट्ट्याच्या मापाचा. आन एक कार्ड. रंजूनं ओठ दाबले, ओढणी दातात धरली, सोडली, आन वाचलं,

"प्रिय बाळ, रडू नको. आम्ही आहोत."