घासलेले नाणे

मुलांनो, तुम्ही पाठवलेल्या मेटल डिटेक्टरने आजोबांना किनाऱ्यावरच्या वाळूत एक काळवंडलेले चांदीचे नाणे सापडले. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खांब. पुस्तके धुंडाळून त्यांनी शोधले की ते स्पॅनिश अमलातले, मेक्सिकोच्या टाकसाळीत पाडलेले आहे. साल तेवढे पुसट होते. ते वाचायला आणि किंमत सांगायला शहरातून एक जाणकार येणार होते.

ते येण्याआधी माझ्या मोठ्या जाऊबाईंनी नाणे दंतमंजनाने घासून लख्ख केले. आमच्या घरात चांदीचे जुने नाणे म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीला काळे ठेवत नाहीत.

जाणकारांनी भिंग खाली ठेवले. "घासलंत?"

"मग? पाहुण्यांपुढे तसंच ठेवायचं?" जाऊबाई म्हणाल्या.

"आता याला नुसत्या चांदीचा भाव. आणि सालाचा शेवटचा आकडाही गेला."

मी कपाळाला हात लावला. भांडी चकचकीत हवीत असा माझाही आयुष्यभर हट्ट. पण समुद्राने इतका काळ सांभाळलेला आकडा आम्ही एका दुपारी पुसून टाकावा? काही वस्तूंवरचा काळेपणा म्हणजे त्यांचे वय असते, हे या घरात कोणाला समजवायचे?

आजोबांना किमतीचे काही नव्हते, साल हवे होते. अजून ते खिडकीशी नाणे उन्हात तिरपे धरून तो आकडा शोधताहेत. जाऊबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भावोजी, काळं राहिलंय का कुठे? द्या इकडे."