खंडेनवमीला पुजलेली चार कार्डं

मळवलीत आमचं इंटरनेटचं छोटं दुकान आहे. चालवते मी, शेतातून वेळ मिळाला की आबा, म्हणजे माझे वडील, येऊन बसतात. सगळा डोलारा एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्याच्या पाठीमागं चार नेटवर्क कार्डं, एकाच कंपनीची, एकाच मापाची. जुळ्या भावंडांत निदान एखादा तीळ तरी वेगळा असतो, इथं तोही नाही. एका कार्डात बाहेरून मुख्य लाइन येते, बाकी तिन्हींतून बंगले, बाजार आणि बेडसे गाव यांच्याकडं लाइनी जातात. ती ओळखू यावीत म्हणून मी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली होती.

खंडेनवमीला सकाळी दुकानात आले, तर कॉम्प्युटर पाटावर! आबांनी सगळ्या वायरी उपटून, नांगर-कुळव पुसावेत तसा तो ओल्या फडक्यानं पुसला होता. वर झेंडूची माळ, आणि चारही कार्डांवर ओल्या हळदकुंकवाची बोटं.

"आबा, चिठ्ठ्या कुठायत?"

"मळकट झालत्या. खरवडून काढल्या."

आणि वायरी? त्या परत खोचल्या होत्या. कुठली कुठं, देव जाणे. माझं डोकंच फिरलं. मी पाट ओढायला गेले तर म्हणतात, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या दसऱ्याला चालू कर."

तेवढ्यात बेडशाच्या मावशींचा फोन. या मावशी इकडच्या बंगल्यांची देखभाल करतात. त्यांच्या मुलीची परदेशातल्या इस्पितळात नर्सच्या नोकरीसाठी मुलाखत होती, आजच, नेटवरून. तिकडच्यांना कुठली आपली नवमी! डोंगराखालच्या त्यांच्या घरात मोबाइलवर कसंबसं बोलता येतं, व्हिडिओ चालायचं नाव घेत नाही.

"ताई, नेट न्हाई वो. पोरगी कवाची तयार होऊन बसलीय. अर्ध्या तासात हाय तिचं."

मी आबांचं काही ऐकलं नाही. कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर चार कार्डांची चार नावं दिसतात, पण कुठलं नाव कुठल्या कार्डाचं, हे कोण सांगणार? एकेक वायर काढायची आणि पडद्यावर कुठलं नाव बंद पडतं ते बघायचं. एका कार्डात कुठलीही वायर घातली तरी ढिम्म. मला वाटलं, ते बंगल्यांचं असेल, तिकडची लाइन तशीही रडतच असते. तिथंच फसले. पुढचं सगळं उलटंपालटं झालं. शेवटचा उपाय म्हणून कार्डाचा दिवा लुकलुकवायचा हुकूम दिला, तर एकाचाही दिवा दिसेना. दिसणार कसा, दिव्यावर कुंकू! ओढणीनं पुसत गेले तेव्हा बाकी तिन्ही दिवे आपापल्या नावाला लुकलुकले आणि कळलं, त्या मुक्या कार्डाच्या तोंडातच ओलं कुंकू गेलंय, आणि तेच मुख्य लाइनचं आहे.

"पूजा मोडली," आबा मागून म्हणाले.

"मोडू दे!" मी ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर एवढ्या जोरात कधी ओरडले नव्हते.

काडीला कापूस गुंडाळून कुंकू काढलं, वायर बसवली. नेट आलं. लगेच मावशींना फोन लावला.

"व्हय ताई, आत्ता आलंय. लय झ्याक आलंय," त्या म्हणाल्या. "पण समोर कोनी न्हाई. गेली ती लोकं."

फोन स्पीकरवर होता. आबांनी ऐकलं. ते झेंडूच्या पाकळ्या वेचत बसले. मला त्यांची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन आबा स्वतःहून म्हणाले, "बेडशाला जाऊन येऊ." वाटभर मी मनात आबांना सुनवायला चार खडे शब्द जुळवत होते. मावशींच्या दारात मुलगीच पुढं आली. डोळे सुजलेले. आबांनी तिच्या हातावर सोनं ठेवलं, तिनं त्यांच्या हातावर ठेवलं आणि रीतीप्रमाणं पाया पडायला वाकली.

आबांनी आशीर्वादाला हात उचलला, "यशस्वी..." म्हणाले आणि तिथंच अडकले. ती वाट बघत वाकलेलीच राहिली.