मोरीनच्या मंडळाचा हेवा

कायझर्सलाउटर्नहून निघाले तेव्हा गाडी चक्क वेळेवर होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मानहाइमला पुढची गाडी चुकली ती चुकलीच. ऱ्हाइनकाठच्या त्या लहान गावात मी तासभर उशिरा उतरले. स्टेशनवर मोरीन उभी होती. ही आयरिश बाई इथल्या ब्रिटिश छावणीतल्या सैनिकाशी लग्न करून आली. छावणी उठली, तशी ही दोघं काही वर्षं आमच्या शेजारी राहिली आणि म्हातारपणी पुन्हा इथे परतली.

"गेनाऊ, बरोब्बर एक तास," ती घड्याळ बघत म्हणाली. "चल, चहा निवतोय."

छावणीच्या जागी आता घरं आहेत. विटांचं एक फाटक तेवढं उरलंय, आणि त्याला लागून छावणीतल्या जुन्या लोकांच्या फराइनची (नोंदणी केलेलं मंडळ) खोली. दर गुरुवारी दहाबारा म्हातारे जमतात, दूध घातलेला कडक चहा पितात, मनुकांचे पाव खातात आणि जुने फोटो ओळखतात. फोटो हातोहात फिरतो. ज्याला माणूस ओळखू येईल त्याने मागे पेन्सिलीने नाव लिहायचं. न्हाव्याचं, स्वयंपाकिणीचं, अगदी नाटकात गाढवाचे मागचे पाय झालेल्या शिपायाचंसुद्धा.

माझा नुसता जळफळाट झाला. मराठी मंडळ आमचंही आहे की. गणपती बसतो, मोदक होतात, आणि फोटो कुणाच्यातरी बंद पडलेल्या मोबाइलबरोबर जातात. यांच्या गाढवाच्या पायांनाही नाव आहे.

"तुमच्यातलं जर्मनीत पहिलं कोण आलं?" वही सांभाळणाऱ्या डेरेकने विचारलं.

"माझे सासरे," मी ताठ बसून म्हणाले.

"कसे आले? कुठे राहिले?"

मला ठाऊक नव्हतं. अप्पा आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहतात, तरी ठाऊक नव्हतं. पण त्या सगळ्यांसमोर कबूल करायला जीभ रेटेना. दिलं ठोकून: बोटीने आले, बरोबर बाजाची पेटी होती, बेकरीवरच्या माळ्यावर राहून रविवारी भजनं म्हणायचे. सगळे तल्लीन होऊन ऐकत होते. मोरीन मात्र कपात बघत राहिली. डेरेकने शब्द न्‌ शब्द वहीत उतरवला.

स्टेशनवर सोडताना मोरीन एवढंच म्हणाली, "अप्पांना नमस्कार सांग."

गाडीत डेरेकची वहीच डोळ्यांसमोर येत होती. मेल्यांनी माझं खोटंसुद्धा किती नीट जपून ठेवलं.

घरी आल्यावर बूटही न काढता मी खाली गेले.

"अहो अप्पा, तुम्ही पहिल्यांदा इथे आलात ते कसे?"

"विमानाने. का गं?"

"आणि राहिलात कुठे?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, जरा नवलाने.

"आता पहिल्यापासून सगळं सांगायला दम लागतो. तू मोरीनला विचार," ते म्हणाले. "शेजारी होती तेव्हा सगळं सांगितलंय मी तिला. रोज येऊन विचारायची बिचारी."

दिवसभर मी त्यांच्या खोलीवर, वहीवर, फोटोंवर जळत होते. आता जळायला उरली ती एकटी मोरीन. माझ्याच घरातला माणूस तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता, आणि चारचौघांत माझी लाज तिनेच राखली होती. मी बूट काढले आणि अप्पांच्या अंगात सांगण्याइतका दम येईपर्यंत तिथेच बसून राहिले.